साहेबांचा पोलो आणि आमचें क्रिकेट

साहेब लोकांची संध्याकाळ खेळावांचून सरत नसे. कचेरी सुटली कीं कोणी बॅट घेई, कोणी रॅकेट, कोणी घोड्यावर बसे; पावसाळ्यांत बिलियर्डचें टेबल असेच. बॅडमिंटनला तर इंग्रज मंडळी एके काळीं ‘पूना’ म्हणत. त्याचे आरंभींचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यासच बांधले गेले. पण आम्हांस विशेष मौजेची वाटते ती मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरील पोलोची हकीकत.

बॉम्बे जिमखाना १८७५ सालीं निघाला. हिंदी माणसास तेथें सभासद होतां येत नसे. जिमखान्याचें स्वतःचें जपलेलें हिरवें मैदान होतें. तें घोड्यांच्या टापांखालीं कोण देतो! पोलो चाले तो जेथें पारशी आणि हिंदु पोरें क्रिकेट खेळत, तेथें. जमीन उखडे, चेंडू भलतीकडेच उसळे. १८८१ सालीं क्रिकेटवाल्यांनीं सरकारकडे अर्ज केला. पोलो कूपरेजकडे हलला आणि कांहीं काळानें परतही आला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थानें हें सारें भांडण १८९७ सालीं पुस्तकांत छापून ठेविलें, हे त्याचे उपकारच म्हणावयाचे.

गंमत अशी कीं, पोलो हा मुळीं विलायती खेळच नव्हे. तो मणिपूरचा. तिकडील लष्करी आणि चहामळेवाल्या साहेबांनीं तो उचलला आणि १८५९ सालीं सिलचरास क्लब काढला. क्रिकेट मात्र अस्सल इंग्रजी. म्हणजे मुंबईंत साहेब एका हिंदी खेळाची तरफदारी करीत होता, आणि आमचीं पोरें इंग्रजी खेळासाठीं त्याच्याशीं भांडत होतीं! भांडण होतें तें जमिनीचें.

साहेबाची करमणूक आमच्याकडे इभ्रतीची बाब झाली. १८९० सालीं पारशांनीं व्हर्ननच्या इंग्रज संघास हरविलें. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियनांवर १०९ धावांनीं जय मिळविला. त्यांत मोठा वाटा बाळू पाळवणकरांचा. चांभाराच्या घरांत जन्मलेला हा मुलगा पुण्यास साहेबांच्या जिमखान्यांत मैदान राखण्याच्या कामावर होता. साहेबांस हौस फलंदाजीची. तासन्‌तास चेंडू टाकण्याचे कष्ट नोकरानें घ्यावयाचे. त्या कष्टांतूनच त्यांचा हात तयार झाला. पण साहेबास बाद करण्यासाठीं ज्यांनीं त्यांस संघांत घेतलें, त्या पुण्याच्या आमच्याच मंडळींनीं त्यांस चहा मात्र निराळ्या मातीच्या भांड्यांतून दिला. जिमखान्याच्या दारावरील पाटीबद्दल साहेबास बोल लावतांना हें भांडें आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं.

त्या एस्प्लनेडचाच एक तुकडा म्हणजे आजचें आझाद मैदान. बॉम्बे जिमखाना त्याच्या दक्षिण टोकास अजून उभा आहे. अलीकडे रविवारीं गिरगांव-परळचीं पोरें इतक्या दाटीनें खेळत असतात कीं एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टींमागें उभा असतो, आणि चेंडू येतांना दिसला कीं कोणत्या सामन्याचा हें न विचारतां आधीं डोकें खालीं घालतो.