अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र

आमच्या घरी पवित्र शास्त्राला आजी नुसते ‘पुस्तक’ म्हणत असे. घरात दुसरी पुस्तके नव्हती असे नाही. बाबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या लोखंडी पेटीत व्याकरणापासून ‘स्मृतिचित्रे’पर्यंत बरेच काही होते. परंतु ‘पुस्तक कुठंय गं?’ असे आजीने विचारले की ‘कोणते?’ असा उलट प्रश्न कोणी करीत नसे. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले ते जाडजूड पुस्तक स्वयंपाकघरातील फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असे. पाहुण्यांना ते ठिकाण खटके. आजीचे म्हणणे साधे होते : पहाटे चूल पेटली की घरात उजेड तेवढाच, आणि ज्याच्याशी रोज बोलायचे त्याला बैठकीच्या खोलीत ठेवून कसे चालेल?

आजी पस्तिशीनंतर वाचायला शिकली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले आणि पुढील काळात जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत, बहुतकरून गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत, ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. आमचे घराणे त्यांतलेच. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या बायकांना अक्षर कोण शिकवणार? ते काम ‘बायबल वूमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या स्त्रियांनी केले. आजीला शिकवणारी बाई दुष्काळात पोरकी होऊन केडगावच्या मुक्तिसदनात वाढलेली होती. ती आठवड्यातून एकदा पायी येई आणि पाटी-पेन्सिलीच्या भानगडीत न पडता थेट शास्त्रातल्या ओळीवर बोट ठेवून अक्षर ओळखायला लावी. त्यामुळे आजीला अखेरपर्यंत मनातल्या मनात वाचता आले नाही. बोट सरकले की ओठ हलत, आणि ओठ हलले की आवाज येई. आम्हा भावंडांची झोप रोज त्या आवाजाने मोडे.

त्याच बाईच्या तोंडून आजीने पंडिता रमाबाईंच्या गोष्टी ऐकल्या होत्या. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते करताना त्यांच्या डोळ्यांपुढे खेड्यातली अल्पशिक्षित स्त्री होती. तिला कोणाच्या मदतीवाचून वाचता यावे, म्हणून त्यांनी आपल्या अफाट संस्कृत पांडित्याला आवर घालून साधी भाषा पत्करली. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम तिथे अक्षर शिकलेल्या स्त्रियाच करीत. भाषांतराच्या इतिहासात आपण या प्रयत्नाची नोंद बहुधा एका वाक्यात उरकतो. मला मात्र ते खिळे जुळवणारे हात आधी दिसतात, कारण त्या हातांच्याच ओळखीचा एक हात आमच्या चुलीपाशी आजीच्या बोटावर टेकलेला होता.

आजीच्या वाचनाला क्रम नव्हता. मोशेच्या नियमशास्त्राच्या वाटेला ती फारशी जात नसे, आणि पौलाच्या पत्रांतली लांबलचक वाक्ये तिच्या बोटाला पेलत नसत. तिचे खरे पुस्तक म्हणजे रूथचे चार अध्याय. दुष्काळापायी देश सोडलेली नामी मवाबात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतते. सोबत एक परदेशी सून. गावच्या बायका तिला ओळखतात, तेव्हा ती सांगते की मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. आणि हा कडवटपणा देवानेच आपल्या वाट्याला घातला, असेही ती स्पष्ट बोलते. इथे आजी थांबे, चष्मा वर सारी आणि आईकडे पाहून म्हणे, “बघ सूनबाई, देवाला तोंडावर सुनावलं तिनं. अन् देवानं ते पुस्तकातनं खोडलं न्हाई.”

हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले की त्यात काही विशेष आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटले नाही.

आजी गेल्यावर पुस्तक आईकडे आले. तोवर चुलीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह आला होता. फळी आणि मिठाची बरणी तीच राहिली. आई परिचारिका होती. सकाळपाळी असो वा रात्रपाळी, पहाटे पाचला ती पुस्तक उघडी. आजीसारखे मोठ्याने न वाचता ती मुकाट्याने वाची. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत क्रमाने, रोज एक अध्याय, आणि वाचून झाल्यावर समासात पेन्सिलीची बारीक रेघ. रुग्णाच्या कागदावर औषध दिल्याची खूण करावी तशी. तिला भक्तिपर बोलणे जमत नसे. महिला सभेत इतर जणी साक्ष देताना गहिवरत, तेव्हा ती चहाच्या कपांकडे लक्ष ठेवून असे.

तिच्या श्रद्धेला एक कोरडी, चिकित्सक बाजू होती. लग्नाच्या उपासनेत, सासरी निघालेल्या मुलीच्या निरोपसमारंभात हमखास वाचला जाणारा नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय तिला ऐकवत नसे. त्या अध्यायातील सद्गुणी स्त्री रात्र सरण्यापूर्वी उठते, लोकर कातते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, व्यापार पाहते, आणि तिचा दिवा रात्री मालवत नाही. माझ्या मावशीच्या लग्नात हा पाठ संपल्यावर आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, “तिच्या घरी दासी होत्या. त्याच अध्यायात लिहिलंय. ते कोणी वाचत नाही.” मी घरी येऊन पाहिले, होत्या. पुढे कधीतरी माझ्या ध्यानात आले की त्या अध्यायाच्या आरंभीच, हा उपदेश लमुएल राजाला त्याच्या आईने केला, असे म्हटले आहे. म्हणजे एका आईने मुलाला जे सांगितले, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलींनाच ऐकवीत आलो. आईला हे सांगितल्यावर ती मनापासून हसली. शास्त्राने तिला दिलेला धीर पुष्कळदा असा असे : समोरच्याने अर्धे वाचले आहे, हे तिला ठाऊक असे.

१९८७च्या ऑगस्टमध्ये माझा थोरला भाऊ कावीळ होऊन गेला. तो बावीस वर्षांचा होता. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होते.

त्या दिवसांचे वर्णन मी करणार नाही. दफनविधीनंतर माणसे भेटायला येऊ लागली, तेवढेच सांगते. प्रत्येक जण हातात पुस्तक घेऊन येई आणि तेविसावे स्तोत्र वाची, मेंढपाळाचे. ते स्तोत्र सुंदर आहे, यात शंका नाही. पण दिवसातून चार वेळा, चार आवाजांत ऐकल्यावर त्यातली हिरवी कुरणेही टोचू लागतात. कोणी पौलाचा आधार देऊन सगळे अखेर कल्याणासाठीच असते असे सांगे, कोणी देवाला आपल्या बागेत चांगले फूल हवे होते असे म्हणे. हे दुसरे वाक्य शास्त्रात कुठेही नाही, हे आईला ठाऊक होते. ती काही बोलली नाही. बाबांनी मात्र त्या आठवड्यापासून कौटुंबिक प्रार्थनेला बसणे सोडले. आम्ही बसलो की ते अंगणात जात आणि दोन जास्वंदींना पाणी घालत राहत.

पहाटे पाचला आईचे वाचन सुरूच होते. पण रेघा थांबल्या होत्या. महिनाभराने माझ्या लक्षात आले की पुस्तक रोज एकाच ठिकाणी उघडले जाते आहे. तिची पाठ वळल्यावर मी पाहिले : स्तोत्रसंहिता, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दीडशे स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक विलाप शेवटी कुठेतरी वळतो. रडणारा माणूस अखेरच्या दोन-चार ओळींत डोळे पुसतो आणि देवावर आपला भरवसा आहे, असे म्हणतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात हे वळण नाही. हेमान एज्राहीच्या नावावर असलेल्या या अठरा ओव्यांत कवी रात्रंदिवस हाका मारतो, आपण जिवंतपणीच मेलेल्यांत गणले गेलो असे सांगतो, मेलेल्यांना तुझा महिमा कसा कळणार असा देवाला उघड सवाल करतो, आणि शेवटी जवळची माणसे दूर गेल्याचे सांगून काळोखावर थांबतो. एवढेच. एकच गोष्ट ध्यानात घेण्याजोगी : हे सगळे तो देवालाच सांगतो. त्याने पाठ फिरवलेली नाही.

मी स्वतः त्या वर्षी योहानाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायापाशी अडकले होते. लाजराच्या मृत्यूनंतर चार दिवसांनी येशू बेथानीला पोहोचतो, तेव्हा मार्था त्याला सामोरी जाऊन म्हणते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे वाक्य मला माझेच वाटले. पुढे तिचा भाऊ कबरेतून बाहेर येतो. माझा आला नाही. त्या अध्यायाच्या उत्तरार्धाशी माझा अजूनही पुरता समेट झालेला नाही, आणि झाला आहे असे दाखवणे मला बरे वाटत नाही.

महिला सभा दर गुरुवारी दुपारी आळीपाळीने एकेका घरी भरे. फेब्रुवारीत आमची पाळी आली. ज्या घरी सभा, त्या घरच्या बाईने शास्त्रपाठ वाचून मनन सांगायचे, असा प्रघात होता. उपासना-संगीतातील दोन गीते झाल्यावर आईने पुस्तक उघडले आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. आजीसारखे, मोठ्याने. अठराही ओव्या वाचल्या, पुस्तक मिटले आणि ती बसून राहिली. काही वेळाने कोणीतरी हळूच विचारले, “मनन?”

“झालं,” आई म्हणाली.

खोलीत बारा-तेरा जणी होत्या. कोणी हलले नाही. मग कोपऱ्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंनी बोलायला सुरुवात केली. त्यांना पहिली मुलगी झाली होती, ती श्वास न घेताच, एकतीस वर्षांपूर्वी. तिला मातीआड केले तेव्हा बाळंतिणीला कोणी जागेवरून उठू दिले नव्हते. “मी तिचं नाव ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या, “आजवर कुणाला सांगितलं न्हाई.” मग त्यांनी ते नाव सांगितले. त्यानंतर आणखी एक जण बोलली, मग आणखी एक. कोणी कोणाला वचन सांगितले नाही. स्टोव्हवरचा चहा आटून गेला. तो पुन्हा टाकावा लागला आणि पिऊन होईपर्यंत दिवे लागले. निघताना त्या वयस्कर बाईंनी आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “एवढं काळं पुस्तकात आहे, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मोठा आधार सापडावा तसा तो आवाज होता.

ही हकिगत पाळकसाहेबांच्या कानी गेली. ते भले गृहस्थ होते. दुसऱ्याच दिवशी घरी येऊन त्यांनी, सभा आशेच्या वचनावर संपवावी, बायका हलक्या मनाने घरी जाव्यात, असे सौम्यपणे सुचवले. आई म्हणाली, “मी नाही संपवलं. स्तोत्रच तिथं संपतं.” त्यांनी वाद घातला नाही. थोडा वेळ ते पान उघडून वाचत बसले आणि चहा घेऊन गेले.

त्या सभेनंतर आई पहाटेही मोठ्यानेच वाचू लागली. बाबा पुन्हा कधी प्रार्थनेला बसले नाहीत. परंतु आतून आईचा आवाज आला की ते अंगणातला नळ बंद करीत, आणि वाचन संपल्यावर तो पुन्हा सोडीत.

पुढे एम.ए.साठी रमाबाईंचे चरित्र अभ्यासताना मला एक नोंद भेटली. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मधल्या काळात बायबलच्या भाषांतराचे काम चालूच होते, आणि मृत्यूपूर्वी अगदी थोडे आधी त्यांनी ते पुरे केले. सुट्टीत घरी आल्यावर मी आईला हे वाचून दाखवले. ती काहीतरी धीराचे बोलेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारले, “तिला रोज पहाटे उठवत कोण असेल?” आणि मग जरा थांबून, “कामच उठवत असेल,” असे स्वतःशीच म्हणाली.

आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. पुस्तक माझ्याकडे आहे. फळी नाही, पण मी ते स्वयंपाकघरातच ठेवले आहे. शिवण उसवल्यामुळे ते हातात सैल धरले की आपोआप अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर उघडते. त्या पानाच्या समासात एकही रेघ नाही. रेघा पुन्हा सुरू होतात त्या पुढच्या, एकोणनव्वदाव्या स्तोत्रापासून. पेन्सिल बदललेली आहे, निळसर. रूथचे पान शोधायला मात्र थोडे चाळावे लागते. तिथे नामीच्या नावावर आजीच्या हळदीच्या बोटाचा डाग आहे.