दोन मिलिमीटरची जागा

मागच्या वर्षीची एप्रिलमधली दुपार. मी लॅपटॉपवर डेडलाइनशी झटापट करतेय, आई सोफ्यावर शब्दकोडं सोडवतेय आणि अचानक ‘फाड्!’ सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज. आम्ही दोघी दचकून उभ्या. बघतो तर काय, हॉलच्या मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या एकमेकींना टेकून उभ्या राहिलेल्या!

पाथर्डी फाट्यावरचा आमचा हा सेकंडहँड टू-बीएचके. फ्रीलान्सरला होम लोन मिळणं म्हणजे काय दिव्य असतं, ते तुमच्यापैकी काहींना माहीत असेलच. त्यामुळे लोन झाल्यावर मी जाम हवेत होते. दसऱ्याला गृहप्रवेश करायचाच होता आणि जुनी फरशी काढून चकाचक पोर्सलिन टाइल्स हव्या होत्या. माझी अट एकच, जॉइंट दिसता कामा नये. कसं एकदम हॉटेल लॉबीसारखं! कॉन्ट्रॅक्टरही इतका गुणी की एका शब्दानं विरोध केला नाही. त्यानं टाइलला टाइल चिकटवली, भिंतीला भिडवली आणि वेळेआधी काम उरकलं. गृहप्रवेशाला आलेल्या प्रत्येकाकडून मी फरशीचं कौतुक वसूल केलं.

त्या एप्रिलच्या संध्याकाळी मी उठलेल्या टाइल्सवर टीपॉय ठेवला आणि अर्ध्या तासासाठी बाहेर गेले. परत आले तर आई जमिनीवर. शेजारची तिसरी टाइल जेमतेम एक सेंटिमीटर वर आली होती. तिच्यातच पाय अडकला. उजवं मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर.

“अगं, माझंच लक्ष नव्हतं,” आई म्हणाली. जुन्या नाशकातल्या वाड्यात खडबडीत शहाबादी फरशीवर तिनं तीस वर्षं काढली. दोन फरशांमधल्या दरजेत तांदळाचा दाणा सहज अडकायचा, पण ती कधी अडखळली नाही. माझ्या हॉटेल लॉबीत मात्र पडली!

प्लास्टर निघालं, पण आई हॉलमधून भिंतीला हात लावून चालायला लागली. तेव्हा ठरवलं, सगळी फरशी उखडायची. बजेटचे बारा वाजले तरी बेहत्तर.

यावेळी मैत्रिणीच्या ओळखीनं जे मिस्त्रीकाका आले, त्यांनी आल्या आल्या एक सुटी टाइल उलटी केली. मागची बाजू कोरी करकरीत. “ताई, हिनं सिमेंट धरलंच नाही.” मग माझा क्लास सुरू झाला. पोर्सलिन टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे साधी सिमेंटची स्लरी तिला नीट धरत नाही, तिथं पॉलिमरवालं ॲडेसिव्ह लागतं. त्यात उन्हाळ्यात टाइल्स केसभर फुगतात, खालचं काँक्रीट वर्षानुवर्षं केसभर आकसतं. चहूबाजूंनी कोंडलेल्या टाइल्सना सरकायला जागाच नसते. मग त्या वर उठतात.

“म्हणजे गॅप ठेवला असता तर?”

“तर आज मला बोलवायची वेळ आली नसती.”

मी गप्प.

नव्या टाइल्स आल्यावर काकांनी वेगवेगळ्या बॉक्समधल्या पाच-सहा काढून मोजल्या. सगळ्या म्हणायला 60 बाय 60 सेंटिमीटर, पण त्यांच्यातही अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक. हिशेब सोपा. दरज या फरकाच्या निदान तिप्पट हवी. म्हणजे दीड, आपण धरायची 2 मिलिमीटर. ग्राउट टाइलच्या रंगाचं घेतलं की लांबून दिसतही नाही. टाइलच्या कडा मशीनवर घासून सरळ केलेल्या नसतील, तर मात्र 3 मिलिमीटर किंवा जास्तच. भिंतीलगत 5 मिलिमीटर मोकळे, ते स्कर्टिंगखाली झाकले जातात.

मग कागद-पेन्सिल. हॉलची रुंदी 3.10 मीटर. एका भिंतीपासून सुरुवात केली तर पाच अख्ख्या टाइल्स बसतात आणि उरते फक्त 8 सेंटिमीटरची चिंधी, तीही नेमकी दारासमोर. काकांनी मधली रेघ अर्धी टाइल सरकवली. आता मध्ये चार अख्ख्या आणि दोन्ही कडांना 34 सेंटिमीटरचे सारखे तुकडे. एका टाइलचा आकडा कमी-जास्त न करता हॉल एकदम ऐटदार! कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला 3-4-5 चा फंडा. एका बाजूला 3 फूट, दुसरीला 4 आणि तिरकं माप बरोबर 5 यायला हवं. शाळेत पायथागोरसला घातलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

खरी मेख कोब्यात होती. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवली, तर मध्यभागी 11 मिलिमीटरचा खड्डा. एवढ्या मोठ्या टाइलला 3 मिलिमीटरच्या वर चालत नाही.

“पण त्या लेव्हलिंगच्या क्लिपा मिळतात ना?” मी रील्समधून मिळवलेलं ज्ञान पाजळलं.

“क्लिप शेजारच्या दोन कडा एका पातळीत धरते, ताई. खालचा खड्डा भरत नाही.”

खड्डा भरण्यात आणि सुकण्यात चार दिवस जास्तीचे गेले. मला दसरा आठवत होता, म्हणून घाई केली नाही. मग खाचेच्या थापीनं ॲडेसिव्ह, टाइल, स्पेसर, क्लिप, पाचर. दर थोड्या वेळानं एक टाइल उचलून काका मागची बाजू तपासायचे. दुसऱ्या दिवशी क्लिपा मोडल्या, दरजा साफ करून ग्राउट भरलं. शेवटी लाकडी दांड्यानं प्रत्येक टाइल वाजवून झाली. चार ठिकाणी पोकळ आवाज आला, त्या चार पुन्हा बसवल्या.

आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. जाताना काकांनी तिला अनवाणी चालायला लावलं. “आजी, कुठं बोटाला लागतं का सांगा.” ती चालली, पण हात भिंतीवरच.

तरीही मी तिला रोज विचारायचे, “आता तरी भीती वाटत नाही ना?” आणि ती रोज म्हणायची, “नाही गं.” एके दिवशी वैतागून म्हणाली, “सारखी मागे मागे नको येऊस. मला माझं चालू दे.” फरशीला जागा सोडायला शिकलेली मी, आईला मात्र भिडवूनच बसले होते.

विचारणं बंद केलं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी रात्री उशिरा आर्टिकल संपवत बसले होते. हॉलमधला दिवा बंद होता. आई पाणी प्यायला उठली. मी मान वर केली नाही, नुसती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिले.

ती अंधारात हॉलच्या अगदी मधून चालत गेली. एका हातात तांब्या होता, दुसरा मोकळा.