दुसरी फेरी

सोमवारी सुई आणि गुरुवारी बोट, हे माझं ठरलेलं गणित. गायीच्या क्षयाच्या तपासणीला दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत मानेच्या कातडीत ट्यूबरक्युलिन टोचायचं, दुसऱ्या फेरीत तिथे सूज आली का ते पाहायचं. मध्ये ७२ तास. गुरुवारी टोचलं तर वाचन रविवारी येतं आणि रविवारी मालक कुठेतरी लग्नाला गेलेला असतो, म्हणून सोमवार. २३ मार्च २०२० हा सोमवारच होता.

साकोली तालुक्यात चुलबंद नदीच्या अंगाला ते गाव. धानाच्या बांध्या, एक मामा तलाव, पलीकडे नागझिऱ्याच्या जंगलाची रेघ. काकाजींच्या गोठ्यात अकरा ढोरं: सात संकरित गायी, दोन कठाणी, दोन म्हशी. कठाणी ही आमच्या धानपट्ट्याची मूळ गाय. लहानखुरी, चिखलात न थकणारी, दुधाला बेताची. दुधासाठी म्हणून काकाजींनी हळूहळू संकरित गायी बांधल्या. त्यांतली एक दिवाळीच्या सुमारास बाजारातून आणलेली. ती खोकायची. खाऊनपिऊनही बरगड्या दिसायच्या. जंताचं औषध झालं, प्रतिजैविकं झाली, ढेप वाढवली, पण अंग धरेना. तेव्हा मी इज्जतनगरच्या संस्थेत तयार होणारं ट्यूबरक्युलिन मिळवायच्या मागे लागले. खूप खटपटीनंतर हाती आलेली ती कुपी थर्मासमधल्या बर्फात ठेवून मी त्या सोमवारी निघाले. आदल्या दिवशीच जनता कर्फ्यू होऊन गेला होता. दूध घेणारी गाडी मात्र आली होती, म्हणून कुणाला फार काही वाटत नव्हतं.

टोचण्याचं काम दिसतं सोपं. मानेच्या मधल्या भागात चार बोटं जागेवरचे केस कापायचे. कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजायची आणि वहीत लिहायची. संकरित गायीची घडी सहा-सात मिलिमीटर भरते, म्हशीची जास्त. मग ०.१ मिलिलिटर औषध कातडीच्या आत सोडायचं. कातडीच्या आत म्हणजे कातडीतच. सुई जरा खोल गेली की औषध कातडीखाली सांडतं आणि तपासणी वाया जाते. सुई काढल्यावर बोट फिरवलं की मसुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली पाहिजे. ती लागली नाही तर मी पुढच्या गायीकडे जात नाही. कॅलिपर किती दाबायचा हेही हातात मुरावं लागतं. एकाने सैल धरून मोजलं आणि दुसऱ्याने घट्ट, तर दोन मिलिमीटरचा फरक तिथेच पडतो. आणि आमचा सगळा निकाल दोन-चार मिलिमीटरचा. वाढ दोनहून कमी भरली तर गाय सुटली, चार किंवा जास्त भरली तर बाधित, मधली संशयित. म्हणून ज्या हाताने टोचलं त्याच हाताने वाचावं, असा माझा आग्रह असतो.

मंगळवारी, २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण झालं. मध्यरात्रीपासून देश बंद. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ मध्ये याच दिवशी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. मला त्या रात्री कॉख आठवला नाही. अकरा मानांवरच्या अकरा कापलेल्या जागा आठवल्या. गुरुवारी पोचले नाही तर सूज उतरत जाईल, आणि लगेच पुन्हा टोचूनही उपयोग नाही. एकदा टोचलेली गाय काही आठवडे दुसऱ्या सुईला नीट उत्तर देत नाही. किमान ४२ दिवस थांबावं लागतं, आम्ही ६० धरतो. तेवढ्यात खोकणारी गाय त्याच दावणीला खात राहिली असती.

बुधवारी गुढीपाडवा होता. गुढ्या उभ्या होत्या आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पशुवैद्यकीय सेवा अत्यावश्यक यादीत असल्याने गुरुवारी महामार्गावरच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून सुटले. गावाच्या वेशीवर मात्र बांबू आणि बोरीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. पोरं काठ्या घेऊन उभी होती. दोन आठवड्यांपूर्वी ज्यांच्या शेळ्यांना मी लस टोचली तीच पोरं. त्यांचं चुकत नव्हतं, मी चार गावं फिरणारी बाई. शेवटी काकाजी स्वतः वेशीपर्यंत आले. म्हणाले, "तीन दिवस झाले जी. मॅडमले पाहूच द्या." बादलीभर पाण्याने, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि फांद्या ओलांडून आत गेले.

सहा फुटांचं अंतर गोठ्यात पाळता येत नाही. मानेवर काम करायचं तर कुणीतरी वेसण धरायला हवं, आणि वेसण धरणाऱ्याचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर. इंग्लंडमध्ये याच अडचणीमुळे १८० दिवसांहून लहान वासरांची तपासणी, अंतर राखून करता येत नसेल तर, सोडायची मुभा दिली गेली. आमच्याकडे असं सांगणारं कुणी नव्हतं. मी काकाजींना गायीच्या पलीकडच्या अंगाला उभं केलं, दोर खांबाला दोन वेढे देऊन ताणायला लावला आणि गायीचं डोकं आमच्या दोघांच्या मध्ये आणलं. त्यांनी उपरणं नाकावर बांधलं होतं. सॅनिटायझरच्या वासाने पहिलीच गाय बिथरली, तेव्हा पुन्हा हात साध्या पाण्याने धुतले आणि तिच्यापुढे थोडा वेळ धरून ठेवले. तिने हुंगले आणि मग मान दिली.

आधी बोट, मग कॅलिपर, असं मी करते. बोटाला ऊन लागतं का, गाठ टणक आहे की पिठासारखी दबते, दाबल्यावर गाय अंग चोरते का, हे आकड्याच्या आधी कळतं. आठ जनावरांच्या मानेवर काहीच नव्हतं. एका कालवडीची वाढ तीन मिलिमीटर, म्हणजे संशयित. मग गोठ्यातली सगळ्यांत दुधाळ गाय आली. तुकतुकीत अंग, भरलेली कास. तिच्या मानेवर लिंबाएवढी सूज होती. सहाचे तेरा झाले होते.

"तगडी तर हेच गाय आहे जी," काकाजी म्हणाले.

आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती खोकणारी, बरगड्या दिसणारी गाय शेवटी पाहिली. वाढ एक मिलिमीटर. कागदावर ती निर्दोष ठरत होती.

ही सूज म्हणजे शरीराची ओळख. क्षयाचा जंतू ज्या शरीराने पाहिला आहे, ते त्याच्या अर्काला ओळखतं आणि तिथे सावकाश गोळा होतं, म्हणून तीन दिवस लागतात. पण रोग फार पुढे गेला की शरीर थकतं आणि ओळख देत नाही. सगळ्यांत आजारी जनावर तपासणीत निसटतं ते असं. नुकत्याच व्यालेल्या गायीतही हे होतं. मी वहीत "१" लिहिला, कारण मोजलं ते लिहायचं, आणि काकाजींना सांगितलं की या गायीला आकडा काहीही म्हणो, वेगळी बांधा. ती मेच्या पहिल्या आठवड्यात मेली. मी तिचं शवविच्छेदन केलं. फुप्फुसातल्या गाठी कापताना सुरीखाली चुन्याचे खडे आल्यासारखी करकर झाली आणि आत पिवळट, खव्यासारखं भरलेलं दिसलं. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. याआधी अशी कितीतरी शवं मी तोंडाला रुमाल बांधून उघडली होती. त्या दिवशी पहिल्यांदा एन-९५ मास्क होता, कोरोनासाठी आणलेला. इतकी वर्षं तो का नव्हता, हा प्रश्न मला अजून छळतो.

पण गुरुवारी खरी अडचण त्या दुधाळ गायीची होती. इतर देशांत अशी गाय मारतात आणि मालकाला भरपाई मिळते. आपल्याकडे गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद आहे, आणि काकाजींनी तसा विचारही केला नसता. मग उरतं बाजारात विकणं. हेच होतं, आणि खोकणारी गाय त्यांच्याकडे आली तीही तशीच आली असणार. देशातल्या वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज करून २०१८ मध्ये मांडलेला अंदाज सुमारे ७.३ टक्के जनावरं बाधित असल्याचं सांगतो. तो आकडा वाचला की मला गुरांचे बाजार दिसतात. त्या मार्चमध्ये बाजार बंद होते. गाय विकायची वाटच नव्हती. तेवढी एक साखळी टाळेबंदीने आपसूक तोडली.

मी त्यांना बर्नहार्ड बँगची गोष्ट सांगितली. कॉखने १८९० मध्ये ट्यूबरक्युलिन क्षयावरचं औषध म्हणून आणलं. हजारो रोगी आशेने धावले, औषध फसलं. पण त्यानंतर ते गुरांतला लपलेला रोग ओळखायला कामी आलं. डेन्मार्कच्या या पशुवैद्याने १८९२ पासून ते वापरून कळप दोन भागांत विभागले. बाधित वेगळे, निरोगी वेगळे. बाधित गायीचं वासरू जन्मताच दूर करायचं आणि त्याला तापवलेलं दूध पाजायचं. मारल्याविना काही वर्षांत गोठा साफ करायची ही रीत आपल्यासाठीच शोधल्यासारखी आहे. काकाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे क्वारंटाइन." हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मी थांबले. अंगात रोग आहे पण दिसत नाही, दिसत नाही तरी पसरतो, हे मी वीस वर्षं गोठ्यागोठ्यात सांगत आले आणि लोक मान हलवून विसरत. आता मुंबई-पुण्याहून परतलेली माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवली जात होती आणि गावाला ते समजत होतं.

धारोष्ण दुधाचं सांगणं जास्त अवघड गेलं. काकाजींची सून माहेरपणाला म्हणून आलेल्या नणंदेच्या लेकराला रोज धारेचंच दूध द्यायची, टाळेबंदीत दूधही शिल्लक राहायचं. मी तिला त्या बाळाच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवला. ती लस कालमेत आणि गेराँ या दोघांनी गायीच्याच क्षयजंतूला १३ वर्षं वाढवत, दुबळं करत बनवली. १९२१ मध्ये ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. गेराँ पशुवैद्य होता. एवढं सगळं त्या माउलीला नको होतं. तिने विचारलं, "उकळी किती येऊ द्यायची?" चांगली वर येऊ दे, म्हटलं. घरातल्या सगळ्यांना छाती तपासून घ्यायला सांगितलं, आणि कुणाला क्षय निघालाच तर घरी गायीला आहे हे डॉक्टरला आवर्जून सांगा, असंही. गायीचा जंतू पायराझिनामाइड या औषधाला मुळातच दाद देत नाही, आणि विचारल्याशिवाय डॉक्टरला गोठा कसा कळणार?

२५ मेला, सोमवारीच, संशयित कालवडीला पुन्हा टोचलं. त्या दिवसांत महामार्गावरून छत्तीसगडकडे पायी निघालेल्या मजुरांची रांग संपत नव्हती. काकाजींच्या घरून भाकरी आणि उकळलेलं दूध त्यांच्यासाठी जात होतं. गुरुवारी कालवडीच्या मानेवर बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. कॅलिपरनेही तेच सांगितलं. काकाजी माझ्या हाताकडे बघत नव्हते, मास्कच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांकडे बघत होते. मी मान हलवली तसा त्यांनी दोर सोडला.

दुधाळ गाय वाडीच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली बांधलेली होती. तिची बादली वेगळी, तणीस वेगळं, भोवती चुना टाकलेला. संध्याकाळी बाकीची ढोरं परतली की ती हंबरायची आणि दाव्याला ओढ घ्यायची, असं सून म्हणाली. झाडाखाली एक बाजही टाकलेली दिसली. विचारलं, तर काकाजी म्हणाले, "रात्री एकटी राहत नाही थे."

बाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकवा, एवढंच मी म्हटलं. त्यांनी लगेच एका बाजूने उचलली, मी दुसऱ्या बाजूने धरली.