मटक्यांची शर्यत

जैसलमेरच्या मरु महोत्सवाला जायचं ठरलं, तेव्हा ह्यांनी सासूबाईंनाही बरोबर घेतलं. खरं सांगते मैत्रिणींनो, मी मनातून जरा नाराजच होते. घरी आमचे खटके उडतात ते पाण्यावरून. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा त्या ओतू देत नाहीत!

माघी पौर्णिमेच्या सुमारास ही तीन दिवसांची जत्रा भरते. ११५६ सालचा पिवळ्या दगडाचा किल्ला आणि त्यात आजही नांदती घरं पाहून डोळे निवले. मांगणियारांचं गाणं, कमायचाचे सूर, साफा बांधायची चढाओढ, मिशांची स्पर्धा! हसून हसून पुरेवाट झाली.

मग बायकांची मटका शर्यत लागली. डोक्यावर पाण्याचा मटका घेऊन पळायचं. पाणी सांडलं की हशा, टाळ्या. मीही टाळ्या पिटत होते. सासूबाई मात्र गप्प. हळूच म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही असंच पाणी आणायचो गं. सांडलं की रडू यायचं."

माझे हात तिथेच थांबले. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही गेलात तर शाल, स्वेटर जरूर न्या. दिवसा ऊन असलं तरी रात्री वाळू गारठते.

घरी आल्यावर तांदळाचं पाणी मी आपणहून तुळशीला घातलं. सासूबाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनीच केला.