पॅरिसात हैदराबाद, न्यूयॉर्कात गोवा

शीतयुद्धाचं पाठ्यपुस्तक बर्लिनपासून सुरू होतं. ट्रुमन, स्टॅलिन, मार्शल योजना, पोलादी पडदा. लोहा-कंधारकडच्या मुलांना हे परीक्षेपुरतं पाठ होतं आणि निकालाबरोबर सुटतं. म्हणून आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवताना मी बर्लिनच्या शेजारी हैदराबाद मांडतो. त्यात ओढाताण काहीच नाही. १९४८ च्या शरदात हे दोन्ही तंटे पॅरिसात संयुक्त राष्ट्रांच्या एकाच सुरक्षा परिषदेपुढे, तीन आठवड्यांच्या आत, आले होते.

जूनमध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनची वाट अडवली. अमेरिका विमानांतून पीठ-कोळसा पोचवत होती. इकडे २१ ऑगस्टला निजाम सरकारने परिषदेकडे तक्रार धाडली, की भारत नाकेबंदी करतो आहे आणि चढाईच्या बेतात आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरल्या. १६ तारखेला परिषद बसली. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे अलेक्झांडर कॅडोगन, निजामातर्फे मोईन नवाज जंग, भारतातर्फे रामस्वामी मुदलियार. हैदराबाद हे सार्वभौम राष्ट्रच नाही, मग त्याची तक्रार ऐकायची कशी, असा मुदलियारांचा सवाल. विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा का, यावर मतं पडली. बाजूने आठ, विरोधात एकही नाही, तटस्थ तीन : चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन. हा चीन अजून च्यांग कै-शेकचा.

दुसऱ्या दिवशी निजामाने हत्यार खाली ठेवलं आणि पाठोपाठ तक्रारही मागे घेतली. आपल्याकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. पॅरिसातल्या त्या तीन तटस्थ मतांचं नाव कुणी काढत नाही. मला मात्र मुक्तिसंग्रामाच्या अभ्यासातला हा सर्वांत दुर्लक्षित कागद वाटतो.

रशिया भारताचा जुना दोस्त, असं आमच्या पिढीने गृहीतच धरलेलं. मग विरोधात मत का नाही? कारण त्या वेळी मॉस्कोच्या लेखी नेहरूंचं सरकार म्हणजे साम्राज्यवाद्यांच्या वळचणीला बसलेली भांडवलदारांची मंडळी. जगात छावण्या दोनच, हे सोव्हिएत नेते झ्दानोव्ह यांनी आदल्या वर्षी सांगून टाकलं होतं. तिसऱ्याला जागा नव्हती. आणि निजाम? तोही सामंतच. तेव्हा कुणाचीच बाजू न घेणं सोयीचं. अमेरिकेचा हिशेबही फार वेगळा नव्हता. निजामाने ट्रुमनना मध्यस्थीची गळ घातली होती, ती त्यांनी नाकारली. एका संस्थानिकासाठी दिल्लीला दुखवायची त्यांची तयारी नव्हती.

संस्थानातलं चित्र तर आणखी गुंतागुंतीचं. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९४६ पासून पेटलेला. तरी १९४८ च्या मे महिन्यात निजाम सरकारने त्यांच्याच पक्षावरची बंदी उठवली. निजामाच्या राजवटीसाठी लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजांच्या त्या कारवाईनंतर, नांदेड, उस्मानाबाद, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ते भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवलं. तो अहवाल दिल्लीत कैक दशकं दाबून ठेवला गेला. महासत्तांच्या भांडणात या माणसांना कुठेच जागा नव्हती. आपल्या भाषणांतही ती क्वचितच मिळते.

तेलंगणाचा लढा मात्र थेट क्रेमलिनपर्यंत पोचला. १९५१ च्या फेब्रुवारीत चार भारतीय कम्युनिस्ट नेते गुपचूप मॉस्कोला जाऊन स्टॅलिनला भेटले. अजय घोष, राजेश्वर राव, बसवपुन्नय्या आणि आपले श्रीपाद अमृत डांगे. चीनसारखं गनिमी युद्ध भारतात का नको, असा आंध्रच्या मंडळींचा आग्रह. स्टॅलिनचं उत्तर रोकडं होतं : चिनी गनिमांच्या पाठीशी सोव्हिएत सरहद्द होती, तुमच्या पाठीशी काय आहे? त्याच वर्षी ऑक्टोबरात लढा मागे घेतला गेला. कोरियात युद्ध चालू असताना मॉस्कोला नलगोंडा-वारंगळचा आणखी एक विस्तव नको होता, असं माझं मत. इतर अभ्यासक सैन्याच्या कारवाईला अधिक श्रेय देतात, आणि तेही चूक नाहीत.

पुढे पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्याची पाळी आली. मधल्या काळात जग पार बदललं होतं. १९४९ मध्ये नाटो उभी राहिली, तिच्या संस्थापकांत पोर्तुगाल. अझोर्स बेटांवरचा त्याचा तळ अमेरिकेला हवाच होता. त्याच वर्षी रशियाने अणुबॉम्ब उडवला आणि चीन माओकडे गेला. १९५५ च्या हिवाळ्यात बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले आणि गोव्याच्या प्रश्नावर भारताची कड घेऊन गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यासोबत संयुक्त निवेदन काढलं, आणि त्यात गोव्याची गणना पोर्तुगालच्या ‘प्रांतां’त झाली. नेहरू भडकले. मांडवीकाठच्या त्या एवढ्याशा मुलखावरून दोन्ही महासत्ता आता उघडपणे आपापली बाजू सांगत होत्या.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि न्यूयॉर्कात परिषद बसली. युद्धबंदी करून फौजा मागे घ्या, या ठरावाच्या बाजूने सात, विरोधात चार. त्या चारांत सोव्हिएत नकाराधिकार; ठराव पडला. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह त्याच दिवसांत भारताच्या दौऱ्यावर होते. तेरा वर्षांपूर्वी पॅरिसात जो देश गप्प बसला होता, तो आता हात वर करून आडवा आला. फरक हैदराबाद आणि गोव्यात नव्हता. निजामाच्या पाठीशी कुठलाच गट नव्हता, पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या पाठीशी नाटो होती. आणि स्टॅलिननंतरच्या मॉस्कोला नवस्वतंत्र देश आपल्याकडे ओढायचे होते.

अमेरिकेचे प्रतिनिधी अडलाय स्टीव्हन्सन यांनी त्या रात्री भारतावर सडकून टीका केली. पुढच्या नोव्हेंबरात चिनी फौजा आसामच्या तोंडाशी आल्या, तेव्हा नेहरूंनी लढाऊ विमानांसाठी पत्रं लिहिली ती केनेडींना.