आवश्यकतेला मान्यता

"अमुक हजार कोटींच्या शस्त्रखरेदीला मंजुरी" ही बातमी दर दोन-तीन महिन्यांनी येतेच. चॅनेलवाल्यांचे नगारे वाजायला लागतात, लोक एकमेकांना तोफांचे फोटो पाठवतात. मला मात्र हल्ली एकच प्रश्न पडतो. मंजुरी नक्की कशाला?

बहुतेक वेळा ती असते 'एओएन'ला, म्हणजे आवश्यकतेला मान्यता. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक संरक्षण खरेदी परिषद असते. तिने फक्त "होय, ही वस्तू आपल्याला लागणार आहे" एवढंच मान्य केलेलं असतं. कंपनी ठरलेली नसते, किंमत ठरलेली नसते, करार तर फार लांब. लग्नाच्या भाषेत बोलायचं तर मुलगा लग्नाचा झाला यावर घरात एकमत झालंय, इतकंच. स्थळं बघायला अजून सुरुवात व्हायची आहे. आणि आपण इथे बॅन्डवाल्याला फोन लावतोय!

हे मला कळलं ते खरेदीची नियमपुस्तिका वाचायला घेतल्यावर. कारगिलनंतर २००१ मध्ये ही परिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये पहिली पद्धतशीर 'डीपीपी' म्हणजे संरक्षण खरेदी कार्यपद्धती आली. मग तिच्या आवृत्त्या निघत गेल्या, आणि २०२० मध्ये तिचं नाव बदलून 'डीएपी' झालं. हे सगळं भांडवली खरेदीसाठी, म्हणजे विमानं, तोफा, जहाजं यांच्यासाठी. सुटे भाग, दुरुस्ती, रोजचा दारूगोळा वगैरे महसुली खरेदीसाठी वेगळी पुस्तिका आहे. वाचायला भयंकर रुक्ष. पण नेटाने वाचत गेलं की त्या आद्याक्षरांच्या जंगलात एक वाट दिसायला लागते.

वाट अशी. आधी 'आरएफआय', म्हणजे बाजारात काय काय मिळतं याची कंपन्यांकडे नुसती चौकशी. मग 'एसक्यूआर', म्हणजे हवी असलेली वस्तू नेमकी कशी असावी याची लष्कराने केलेली यादी: वजन किती, पल्ला किती, किती उंचीवर चालली पाहिजे. त्यानंतर ती आवश्यकतेला मान्यता. तिलाही मुदत असते. मुदतीत पुढचं पाऊल पडलं नाही तर मान्यता बाद. मग 'आरएफपी', म्हणजे निविदा. तिला उत्तर म्हणून कंपन्यांचे दोन वेगळे लिफाफे येतात, एक तांत्रिक आणि एक किमतीचा. तांत्रिक लिफाफा आधी उघडायचा आणि कागदावर तपासायचा. मग प्रत्यक्ष चाचण्या. कंपनीने आपली तोफ किंवा रणगाडा स्वतःच्या खर्चाने आणायचा, आणि चाचणी झाली म्हणजे सरकार विकत घेईलच असं काही नाही. उन्हाळ्यात राजस्थानच्या वाळूत, हिवाळ्यात लडाख-सिक्कीमच्या थंडीत. यातला एक मोसम चुकला की गेलं वर्ष! चाचण्यांवर अहवाल, अहवालावर देखरेख समिती. हे सगळं पार पडल्यावर किमतीचा लिफाफा उघडतो. सगळ्यात कमी किमतीचा तो 'एल-१'. त्याच्याशी वाटाघाटी समिती बोलणार, मग अर्थखातं, आणि रक्कम मोठी असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती. त्यानंतर करार. आणि मग कारखान्यात कामाला सुरुवात!

आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर घ्यायची तरी तीन कोटेशनं मागवतात आणि स्वस्तवाल्याला काम देतात. तत्त्व तेच. फरक इतकाच की मोटर दुकानात तयार असते, हॉविट्झर नसते. आणि मोटरला उशीर झाला तर आम्ही टँकर मागवतो.

आता यातला कुठला टप्पा काढून टाकावा? मी बराच विचार केला. एकही काढता येत नाही! प्रत्येकामागे काहीतरी इतिहास आहे. १९४८ चं जीप प्रकरण हा स्वतंत्र भारतातल्या पहिल्या मोठ्या घोटाळ्यांपैकी एक, आणि ते लष्करी खरेदीचंच. १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, पुढच्या वर्षी स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली आणि १९८९ मध्ये सरकार गेलं. घाई केली तर काय होतं, तेही पाहिलंय. कारगिलसाठी म्हणून केलेल्या तातडीच्या खरेदीतला बहुतेक माल लढाई संपल्यावर पोहोचला, असं कॅगनेच नंतर दाखवून दिलं. पैसा लोकांचा आहे. तो तपासूनच खर्च व्हायला हवा.

मग अडतं कुठे?

माझ्या मते पहिली मेख त्या एसक्यूआरच्या कागदात आहे. तो लिहिणारा माणूस जगातल्या सगळ्या माहितीपत्रकांमधून उत्तमोत्तम गोष्टी वेचतो. एकाची उंची, दुसऱ्याचा रंग, तिसऱ्याचा पगार. (पुन्हा लग्नच आठवलं!) २०११ मध्ये लष्कराने अशी रायफल मागितली, की नळी बदलली की तीच रायफल दुसऱ्या कॅलिबरची गोळी झाडेल. चार वर्षं त्यात गेली आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये जलदगती मार्गाने ७२,४०० अमेरिकन रायफलींचा करार झाला, साध्या एका नळीच्या. मधली वर्षं जवान हातात होती तीच रायफल घेऊन पहाऱ्यावर उभे होते.

दुसरी मेख म्हणजे भीती. बोफोर्सनंतर तोफेच्या फाइलवर सही करणं म्हणजे स्वतःच्या निवृत्तीनंतरच्या चौकशीवर सही करणं, असं वाटायला लागलं असेल तर मला त्यात नवल वाटत नाही. चाचण्या व्हायच्या, मग कुठल्यातरी कंपनीवर आरोप व्हायचे, तिच्याशी व्यवहार बंद, आणि निविदा पुन्हा पहिल्यापासून. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेची डेनेल अशी बाहेर गेली. २०१२ मध्ये आणखी सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी आली. बोफोर्सनंतर १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफांचा पुढचा मोठा करार व्हायला २०१६ साल उजाडलं, तो अमेरिकेच्या १४५ एम-७७७ तोफांचा. तीस वर्षं! फाइल पुढे न ढकलणाऱ्याची चौकशी झाल्याचं मात्र मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आणि एल-१ ठरला म्हणजे संपलं असंही नाही. हवाई दलासाठी १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली. सहा विमानं बंगळुरूच्या दमट हवेत, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या उंचीवर तपासली गेली. नुसती खरेदीची किंमत नव्हे, तर आयुष्यभर उडवण्याचा खर्च धरून तुलना झाली. जानेवारी २०१२ मध्ये रफाल एल-१ ठरलं. पुढे तीन वर्षं वाटाघाटी चालल्या. करार झालाच नाही! २०१५ मध्ये ती निविदा मागे घेतली गेली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दोन सरकारांमधल्या करारातून ३६ विमानं घेतली. १२६ कुठे, ३६ कुठे.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती हॉक विमानाची गोष्ट. हवाई दलातल्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फोंटेन समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं की शिकाऊ वैमानिकांना एक प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवं. साध्या 'किरण'वरून उतरून पोरं थेट मिग-२१ वर चढत होती, आणि मिग-२१ हे चुकीला माफी देणारं विमान नव्हतं. शिफारस चांगली होती, कुणी नाही म्हटलं नाही. ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बावीस वर्षांनी! शिफारस झाली त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर हवाई दलात वैमानिक होऊ शकलं असतं.

त्या बावीस वर्षांत मिगच्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. पान एकवर चौकोनी फोटो, गणवेशातला, वय तेवीस, चोवीस. प्रत्येक अपघाताला हेच कारण होतं असं मी म्हणणार नाही. कधी इंजिन, कधी पक्षी, कधी आणखी काही. पण शिकायची मधली एक पायरीच नव्हती, हे तर त्या समितीने लिहूनच ठेवलं होतं.

इथे मला त्या पुस्तिकेतली खरी उणीव दिसते. वेळापत्रक तिच्यात आहे, कुठल्या टप्प्याला किती आठवडे ते सगळं छापलेलं आहे. पण उशिराची किंमत कुठल्याच लिफाफ्यात नसते. एल-१ काढताना सुटे भाग धरतात, देखभाल धरतात, विनिमय दरसुद्धा धरतात. जुन्याच वस्तूवर काढलेल्या वर्षांची किंमत कुणाच्याच तक्त्यात येत नाही. "नाही" म्हणायचा अधिकार दहा टेबलांना आहे, "वेळेत झालं नाही" याचं उत्तर द्यायची जबाबदारी एकाही टेबलावर नाही. पैसा खाल्ला तर गुन्हा. वर्षं खाल्ली तर ती प्रक्रिया!

सगळंच काळं आहे असं नाही. पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई प्रयोगशाळेत 'अटॅग्ज' या तोफेचं काम २०१३ च्या सुमारास सुरू झालं. भारत फोर्ज आणि टाटा हे दोघे जोडीला होते. पोखरण झालं, सिक्कीम झालं. २०२० मध्ये चाचणीत एक नळी फुटली, पुन्हा तपासण्या झाल्या. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला. भारत फोर्ज एल-१, म्हणून मोठा वाटा त्यांचा आणि उरलेला टाटांचा. बारा वर्षं. जगाच्या मानाने हे फार वाईट नाही, आणि तोफ आपली आहे. पुढच्या वेळी परवानगीसाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको.

कारगिलच्या वेळी लष्करप्रमुख जनरल मलिक म्हणाले होते की जे आहे त्यानिशी आम्ही लढू. आपल्याला ते वाक्य शौर्याचं म्हणून आवडतं, आणि ते आहेच. पण त्यातला "जे आहे" हा भाग सैनिक ठरवत नाही. तो कुठल्यातरी टेबलावर पाच-दहा वर्षं आधीच ठरलेला असतो, एखाद्या न झालेल्या सहीने.

असो. आपण सामान्य माणसं फार तर एवढंच करू शकतो. नवी तोफ, नवं विमान आलं की किती कोटींना आणि कुणाकडून, हे विचारतो तसंच, पहिल्यांदा मागितलं कधी होतं, हेही विचारायचं.