माळ्यावरचा प्लेस्टेशन, क्लासचा मॉनिटर

जुनं गेमचं यंत्र कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडता येईल का, असं विचारलं की दुकानदार लगेच एक वायर काढतो. एका टोकाला पिवळी-पांढरी-लाल पिन, दुसऱ्या टोकाला निळं पंधरा पिनांचं व्हीजीए. दीडशे रुपये. "न्या ताई, चालंल की." ती वायर चालत नाही. का चालत नाही हे एकदा कळलं की पुढचा बराच खर्च वाचतो.

यंत्र होतं भावाचं, प्लेस्टेशन २, बारक्या अंगाचं. तो पुण्याला नोकरीला गेला तेव्हा आमच्या औंधच्या घरी माळ्यावर ठेवून गेला होता. मॉनिटर माझा. मी गावात एमएस-सीआयटीच्या क्लासवर शिकवायचे. क्लासनं मशीन बदलली तेव्हा सतरा इंची एलसीडी स्वस्तात घरी आणला होता. त्याच्या पाठीला एकच सॉकेट, व्हीजीएचं. स्पीकर नाही, एचडीएमआय नाही. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला आणि त्यानं माळ्यावरून पिशवी खाली काढली. पुढच्या खोलीतला टीव्ही संध्याकाळी आईच्या मालिकांचा, त्यात कुणी बोलायचं नाही. नळीचा जुना टीव्ही भंगारात गेलेला. राहिला मॉनिटर.

माझे आजोबा उमेदीची वर्षं किर्लोस्करवाडीला कामाला होते. औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळ १९१० साली उभा राहिलेला तो कारखाना. आजोबा निवृत्त होऊन गावी आले तरी कुठलंही मशीन समोर आलं की आधी ते देतं काय आणि पलीकडचं घेतं काय, एवढंच विचारायचे. पंप असो, शेजाऱ्यांची शिलाई मशीन असो. भाच्याला मी तेच विचारायला लावलं.

प्लेस्टेशन देतं टीव्हीचा सिग्नल. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. त्याही सलग नाहीत: आधी एकाआड एक, मग राहिलेल्या. नळीच्या टीव्हीवर डोळ्याला ते कळत नसे. कॉम्प्युटरचा मॉनिटर मात्र व्हीजीएच्या जन्मापासून, म्हणजे १९८७ पासून, सेकंदाला साधारण ३१,५०० ओळींची अपेक्षा धरतो आणि त्या सलग मागतो. वेग दुप्पट, मांडणी वेगळी, रंग पाठवायची तऱ्हाही वेगळी. नुसती तांब्याची तार यातलं काहीच बदलत नाही. दुकानातली ती वायर काही प्रोजेक्टरांसाठी असते, जे व्हीजीएच्याच भोकातून टीव्हीचा सिग्नलही ओळखतात. आमच्या मॉनिटरवर तिनं फक्त "नो सिग्नल" आलं असतं.

भाच्यानं मोबाइलवर दुसरा उपाय दाखवला. प्लेस्टेशनच्या पाठीतच खोचायचं बोटभर एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर. वस्तू वाईट नाही. यंत्रातून रंग वेगवेगळे बाहेर पडतात ते ती उचलते, त्यामुळे चित्र पिवळ्या पिनेपेक्षा स्वच्छ मिळतं. पण ती सिग्नल फक्त डिजिटल करते, ओळी दुप्पट करत नाही. घरातला एलईडी टीव्ही ते चालवून घेईल, मॉनिटर मात्र बऱ्याचदा नाकारतो. शिवाय ती लावण्याआधी प्लेस्टेशनच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कॉम्पोनंट व्हिडिओ आरजीबीवरून वायपीबीपीआरवर न्यावा लागतो, नाहीतर रंग बिघडलेले दिसतात. आणि आमच्या पडद्याला एचडीएमआयच नसल्यानं पुढे आणखी एक अ‍ॅडॉप्टर आलं असतं. तिसरा रस्ता एव्ही टू एचडीएमआय डबीचा. ती ओळी वाढवून ७२० किंवा १०८० करून देते, काम होतं; पण तिच्या मागे एचडीएमआय टू व्हीजीए, दोघांना यूएसबीची वीज आणि दोघांचा मिळून उशीर.

मला आठवलं ते टीव्ही बॉक्स. बारा-पंधरा वर्षांपूर्वी हॉस्टेलवरची पोरं एलसीडी मॉनिटरवर केबल बघायला वापरायची ते खोकं: एका बाजूला केबलची पिन आणि एव्ही, दुसऱ्या बाजूला व्हीजीए, सोबत छोटा रिमोट. टीव्हीचा सिग्नल घेऊन कॉम्प्युटरचा करून देणं हे त्याचं कामच. मार्च २०१७ अखेर खेड्यापाड्यातलीही केबल डिजिटल करायची मुदत संपली आणि या खोक्यांचं चॅनल पकडण्याचं काम गेलं. तेव्हापासून ती दुकानांच्या मागच्या फळीवर पडून आहेत. वडूजला एका दुरुस्तीवाल्याकडे विचारलं तर त्यानं धूळ झटकून एक समोर ठेवलं. "ह्येला आता कोण विचारतंय? तीनशे द्या." अ‍ॅडॉप्टर हरवलेलं. खोक्याच्या तळाशी व्होल्टेज लिहिलेलं होतं आणि पिनेचा आतला भाग धन की ऋण त्याची खूणही होती. दोन्ही जुळवून सव्वाशेत अ‍ॅडॉप्टर घेतलं. इथे अंदाज करू नये. प्लेस्टेशनच्या बारक्या मॉडेलचंही तसंच, त्याला साडेआठ व्होल्ट लागतात; घरातलं बारा व्होल्टचं अ‍ॅडॉप्टर पिन बसते म्हणून लावलं तर यंत्र जायचं.

जोडणी सोपी. पिवळी पिन खोक्यात, लाल-पांढरी खोक्यात, खोक्यातून व्हीजीए मॉनिटरला, आवाजाची बारीक पिन क्लासच्या जुन्या स्पीकरला. चित्र आलं. भाचा म्हणाला, "आत्या, हे काळं-पांढरं आहे गं." मला बरं वाटलं, कारण काळं-पांढरं म्हणजे ओळी जुळल्या, फक्त रंगाची पद्धत जुळायची राहिली. डिस्क अमेरिकी पद्धतीची, एनटीएससीची होती, ५२५ ओळींची. खोकं पालवर अडकलेलं. रिमोटच्या मेनूत कलर सिस्टिम 'ऑटो' केली आणि मैदान हिरवं झालं.

चित्राबद्दल खरं सांगायचं तर ते काचेसारखं नाही. पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकाच तारेत येतात, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा पसरतात, स्कोअरबोर्ड जरा जवळ जाऊन वाचावा लागतो. खोक्याला एस-व्हिडिओचं गोल सॉकेट आहे. त्यात उजेड आणि रंग वेगळे येतात. प्लेस्टेशनची एस-व्हिडिओ वायर इकडे मिळत नाही, भावाला पुण्यात तापकीर गल्लीत बघायला सांगितलंय. दुसरं, सतरा इंची मॉनिटर असतो १२८० बाय १०२४, म्हणजे पाचास चार. गेम चारास तीनचा. पडदा भरून चित्र दाखवलं की माणसं थोडी उंच दिसतात. भाच्याला जलद गोलंदाज तसेच आवडले.

उशीर मात्र जाणवतो. एकाआड एक आलेल्या ओळी जुळवून पूर्ण चित्र करायला खोक्याला पुढच्या ओळींची वाट बघावी लागते. पालमध्ये ओळींचा एक अर्धा संच सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा. असे दोन-तीन साठले की क्रिकेटमध्ये फटका चुकायला पुरतात. पडद्यावर चेंडू टप्प्यावर दिसतो तेव्हा यंत्राच्या लेखी तो उसळलेला असतो. भाचा पहिल्या दिवशी सारखा त्रिफळाचीत होत होता. मग बटण जरा आधी दाबायची सवय झाली. शर्यतीच्या गेममध्ये हे कमी खटकतं, मारामारीच्या गेममध्ये फार.

क्रिकेट ०७ सुरू केलं तेव्हा मेमरी कार्डमध्ये भावाच्या कॉलेजच्या दिवसांतली अर्धी राहिलेली मालिका सापडली. आठ एमबीचं कार्ड, मोबाइलमधल्या एका व्हिडिओलाही पुरणार नाही एवढी जागा. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ती मालिका तशीच ठेव, मी आल्यावर पुढची मॅच खेळतो." मार्च २००० मध्ये जपानात आलेलं आणि जानेवारी २०१३ मध्ये बनायचं थांबलेलं यंत्र. जगात पंधरा कोटींहून अधिक विकलं गेलं. आपल्या मुलांसाठी २००९ मध्ये हैदराबादच्या एका स्टुडिओनं 'देसी अड्डा' काढला, त्यात कबड्डी आहे, विटीदांडू आहे. तो आता मोबाइलवर कुठे शोधायचा? असे गेम ज्या यंत्रावर चालतात ते यंत्र घरात चालू असलं पाहिजे, आणि त्यासाठी नवा टीव्ही घ्यायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं. गावात सव्वाचारशे रुपये ही विचार करून काढायची रक्कम आहे.

शेजारचा मुलगा हे बघून त्याच्या काकाचा टीव्ही गेम घेऊन आला, बदकं मारायच्या बंदुकीसकट. मारिओ लागला, ओळी जरा थरथरल्या पण खेळता आला. बंदूक चालली नाही, आणि चालणारही नाही. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीतला डोळा त्याच क्षणी तो उजेड शोधतो. नळीच्या टीव्हीवर चौकोन तेव्हाच उमटायचा. आमच्या पडद्यावर तो उमटेपर्यंत गेमनं नेम चुकला असं धरलेलं असतं. स्वस्त काय, महागडं खोकं लावलं तरी हे जमायचं नाही. त्याच्या काकांकडे गोठ्यालगतच्या खोलीत चौदा इंची नळीचा टीव्ही पोत्याखाली आहे, तो भंगारवाल्याला देऊ नका म्हणून मी सांगून आले.

मधे एकदा सामना रंगात असताना वीज गेली. आता क्लासचाच एक जुना यूपीएस आहे, त्याची बॅटरी बसलीय. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची नवी टाकली की मॉनिटर, खोकं आणि प्लेस्टेशन मिळून सामना सेव्ह करण्यापुरती मिनिटं मिळतील. सोमवारी वडूजला जायचंय, तेव्हा बघते.